अमेरिकेतल्या वाळवंटी उद्यानांचा वार्षिक पास: कुठे पैसे वसूल, कुठे निरुपयोगी

लास व्हेगसहून निघायचं, झायन, ब्राइस कॅनियन, कॅपिटॉल रीफ, मोआबजवळची आर्चेस आणि कॅनियनलँड्स करत खाली मॉन्युमेंट व्हॅली, पेज शहर, ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ, आणि परत व्हेगस. हे रिंगण सुमारे १,२०० मैलांचं. उद्यानांच्या आतले रस्ते आणि आजूबाजूचे फाटे धरले की १,५०० मैल सहज होतात. या फेरीसाठी ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ हा राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशाचा वार्षिक पास घ्यावा का? बहुतेकांनी घ्यावा. पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण पास कुठे चालत नाही हे विकताना कुणी ठळकपणे सांगत नाही, आणि या प्रवासात लोक अडकतात ते नेमके तिथेच.

आधी हिशेब. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी पास ८० डॉलरला. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी रहिवाशांसाठी तोच २५० डॉलर. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या ६२ वर्षांवरच्यांना वर्षाचा २० डॉलरला आणि आयुष्यभराचा ८० डॉलरला मिळतो. तो ज्यांना मिळू शकतो त्यांनी बाकीचं गणित करत बसूच नये.

पास नसेल तर प्रत्येक उद्यानाच्या नाक्यावर गाडीमागे पैसे भरायचे, आणि ती पावती सात दिवस चालते. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन प्रत्येकी ३५ डॉलर, आर्चेस आणि कॅनियनलँड्स प्रत्येकी ३०, कॅपिटॉल रीफ २०. सहांची बेरीज १८५. म्हणजे पूर्ण रिंगण करणाऱ्या रहिवाशाचे १०५ डॉलर वाचतात. पण लांबच्या वीकेंडला फक्त झायन आणि ब्राइस करणार असाल तर ७० डॉलरमध्ये भागतं, आणि मोआबला राहून आर्चेस-कॅनियनलँड्स केलं तर ६०. तेवढ्यासाठी पास घेण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी आणखी एखादं उद्यान व्हायचं असेल तरच घ्यावा.

भारतातून फिरायला येणाऱ्यांचं गणित २०२६ पासून पार बदललं आहे. सर्वाधिक गर्दीच्या अकरा उद्यानांत परदेशी रहिवाशांना नेहमीच्या शुल्काशिवाय १६ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे १०० डॉलर जादा भरावे लागतात. या रिंगणातली झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन ही तीन त्या यादीत आहेत. नवरा-बायको दोघंच असतील तर यातल्या एका उद्यानाचे २३५ डॉलर, तिन्हीचे ७०५. २५० च्या पाससमोर हा प्रश्न उरतच नाही. तीन प्रौढ असतील तर एकाच उद्यानाचे ३३५ होतात, म्हणजे पहिल्याच नाक्यावर पास वसूल. एकट्याने फिरणाऱ्यालाही दोन उद्यानांत २७० पडतात.

आता याची दुसरी बाजू, जी फारसं कुणी सांगत नाही. आर्चेस, कॅनियनलँड्स आणि कॅपिटॉल रीफ ही तिन्ही त्या अकरांच्या यादीत नाहीत. कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री ही उद्यानंसुद्धा नाहीत. मोआबला मुक्काम ठेवून ही तीन उद्यानं केली तर पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांच्या गाडीलाही एकूण ८० डॉलरच पडतात. आमच्या मते निसर्गाच्या बाबतीत हा सौदा अजिबात दुय्यम नाही. कॅपिटॉल रीफ तर या सगळ्यांत अन्यायाने दुर्लक्षित राहिलेलं उद्यान आहे. त्याच्या मधून जाणाऱ्या हायवे २४ ला शुल्कच नाही, नाका लागतो तो फक्त फ्रुटा या वस्तीच्या पुढच्या सीनिक ड्राइव्हला.

रहिवासी पास वापरताना ओळखपत्र मागतात. अमेरिकेतल्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, अमेरिकी पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड चालतं. गाडी तुमची आणि मागच्या सीटवर भारतातून आलेले आई-बाबा अशी परिस्थिती असेल तर निघण्याआधी त्या त्या उद्यानाच्या संकेतस्थळावरचं शुल्काचं पान वाचून घ्या. नाक्यावर मागे वीस गाड्या उभ्या असताना नियमावर चर्चा करणं कुणालाच परवडत नाही.

पास कसा घ्यायचा

दोन सोपे मार्ग आहेत: नाक्यावर प्लास्टिकचं कार्ड, किंवा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल पास. डिजिटल लगेच मिळतो, पण तो फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा लागतो. अनेक नाक्यांवर मोबाइलला रेंज नसते आणि तिथे उभं राहून ईमेल उघडायचा प्रयत्न करणारे रोज दिसतात. दुसरी अडचण उन्हाची. डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापून बंद पडतो. फोन सावलीत ठेवा, चार्ज ठेवा. नाक्यावर घेणार असाल तर कार्डानेच पैसे द्यायची तयारी ठेवा, बरीच उद्यानं आता रोख घेत नाहीत.

मुदत खरेदीच्या महिन्यापासून मोजतात आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. म्हणून ३० एप्रिलला घेण्यापेक्षा १ मेला घेतला तर जवळजवळ एक महिना फुकट मिळतो. एक पास म्हणजे एक खासगी गाडी आणि तिच्यातली माणसं. जिथे माणशी शुल्क असतं तिथे पासधारक आणि आणखी तीन प्रौढ, १५ वर्षांपर्यंतची मुलं मोफत. दोन गाड्यांतून जाणाऱ्या कुटुंबांनी इथेच फसू नये. पासधारक पहिल्या गाडीत असेल तर मागच्या गाडीला तो पास लागू होत नाही.

काही ठिकाणी नाक्यावर माणूसच नसतो. डेथ व्हॅलीत तर नाकाच नाही, रस्ता सरळ आत जातो. याचा अर्थ प्रवेश फुकट असा नाही. शुल्क यंत्रावर किंवा माहिती केंद्रात भरायचं, आणि कार्ड असेल तर ते काचेतून दिसेल असं ठेवायचं.

जिथे पास चालत नाही

केंद्र सरकारच्या सहा खात्यांच्या जमिनीवर पास चालतो. राष्ट्रीय उद्यानं, राष्ट्रीय वनं, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जागा वगैरे. पण या रिंगणातल्या सर्वात जास्त फोटो निघणाऱ्या जागांपैकी निम्म्या या जमिनीवर नाहीतच.

मॉन्युमेंट व्हॅली हे नॅव्हाहो या मूळनिवासी लोकांचं स्वतःचं उद्यान आहे. तिथे माणशी ८ डॉलर. आतली १७ मैलांची फेरी कच्च्या रस्त्याची. कोरड्या दिवसांत साधी कार हळूहळू निघते, पण उतारावर उघडे पडलेले दगड आणि मऊ वाळू आहे. पोट खाली असलेली सेडान घासते. आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) आणि मोटरसायकल या फेरीवर नेऊच देत नाहीत. गाडी भाड्याची असेल तर करारात कच्च्या रस्त्यांना मनाई आहे का ते बघा. बहुतेक करारांत असते, आणि मग टायर फाटला किंवा तेलाचा डबा फुटला तर विमा हात वर करतो. स्थानिक मार्गदर्शकाच्या उघड्या गाडीतून जाणं हा इथे अधिक शहाणा पर्याय. त्या गाड्या खासगी गाड्यांना बंद असलेल्या भागातही जातात. आणखी एक: नॅव्हाहो भूमीवर दारू विकायला, बाळगायला, प्यायला बंदी आहे. व्हेगसमधून भरलेला कूलर इथे अडचणीत आणू शकतो.

अँटिलोप कॅनियनही नॅव्हाहोंच्या जमिनीवर आहे. मार्गदर्शकाशिवाय आत जाता येत नाही. अप्पर भागात घळीतली जमीन सपाट आहे, पण बाहेरून परतायच्या वाटेवर जिने आहेत. लोअर भागात लोखंडी शिड्या आहेत, पण आकार जास्त चांगले आणि गर्दीतही जरा श्वास घेता येतो. बॅग नेऊ देत नाहीत. हॉर्सशू बेंडचा वाहनतळ पेज शहराचा, तिथे गाडीला १० डॉलर. मोआबजवळचं डेड हॉर्स पॉइंट हे युटा राज्याचं उद्यान, त्यामुळे तिथेही वेगळे पैसे. तिथून दिसणारं कोलोरॅडो नदीचं वळण कॅनियनलँड्सच्या कुठल्याही कड्याच्या तोडीचं आहे, तेव्हा पैसे द्यायला हरकत नाही.

तंबूची जागा, मार्गदर्शकासह फेऱ्या आणि सगळी परमिटं पासच्या बाहेर. ज्येष्ठ नागरिकांच्या पासवर मात्र बऱ्याच केंद्रीय कॅम्पग्राउंडवर निम्मी सवलत मिळते.

पेजला पोहोचताना घड्याळाचा घोळ होतो, आणि तो महागात पडतो. अॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं. नॅव्हाहो भूमी अॅरिझोनात असूनही घड्याळ पुढे करते. त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर या काळात मॉन्युमेंट व्हॅलीतून पेजला आलात की घड्याळ एक तास मागे जातं. अँटिलोप कॅनियन नॅव्हाहोंचं असलं तरी तिथल्या फेऱ्या पेजच्या, म्हणजे अॅरिझोनाच्या वेळेवर चालतात. फोन जवळच्या युटाच्या टॉवरला चिकटला तर मनानेच एक तास पुढे उडी मारतो. पेजच्या मुक्कामात फोनची आपोआप वेळ बंद करून फिनिक्स निवडा. उलट पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीकडे निघणाऱ्यांचा एक तास कमी होतो, आणि दुपारची ठरवलेली फेरी चुकते ती तिथे.

झायन: इथे पासचा उपयोग सर्वात कमी जाणवतो

झायनच्या नाक्यावर पास दाखवून आत गेलात की खरी अडचण सुरू होते ती गाडी लावायची. माहिती केंद्राचा वाहनतळ हंगामात सकाळी लवकर भरतो, आठ-नऊनंतर जागेची आशा धरू नये. साधारण मार्च ते नोव्हेंबर मुख्य दरीचा रस्ता खासगी गाड्यांना बंद असतो आणि उद्यानाची मोफत शटल बस चालते. मुक्काम नाक्याबाहेरच्या स्प्रिंगडेल गावात असेल तर गाडी हॉटेलवरच ठेवा आणि गावातल्या मोफत शटलने नाक्यापर्यंत या. चालत प्रवेशद्वार ओलांडताना पास लागतो, तेव्हा तो गाडीत विसरू नका.

एंजल्स लँडिंग या कड्यावर चढायला १ एप्रिल २०२२ पासून सोडतीतून परमिट घ्यावं लागतं. अर्जाचे ६ डॉलर, ते परत मिळत नाहीत. मिळालं तर माणशी ३ डॉलर. हंगामी सोडत काही महिने आधी असते. ती हुकली तर आदल्या दिवशीची सोडत आहे: मध्यरात्रीनंतर दुपारी तीनपर्यंत अर्ज, चारला निकाल, तोही युटाच्या वेळेनुसार. परमिट नसेल तरी स्काउट लुकआउटपर्यंत जाता येतं. साखळ्यांचा निमुळता कडा त्याच्या पुढे सुरू होतो. उंचीची भीती असणाऱ्यांनी स्काउटलाच थांबावं. साखळ्यांवर मध्येच पाय गळाले तर मागचा-पुढचा सगळा रस्ता अडतो.

नॅरोज या अरुंद दरीत व्हर्जिन नदीतूनच चालायचं असतं. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की वाट बंद करतात. वसंतात बर्फ वितळत असताना आठवडेच्या आठवडे ती बंद राहू शकते. पाण्यात गोल दगड असतात, धावायचे बूट निसटतात. स्प्रिंगडेलच्या दुकानांत घट्ट पकडीचे बूट, निओप्रीनचे मोजे आणि जाड काठी भाड्याने मिळते. यांत काठी सर्वात महत्त्वाची. या नदीत २०२० मध्ये विषारी निळे-हिरवे शेवाळ सापडलं होतं. नदीचं पाणी गाळूनही पिऊ नका आणि डोकं बुडवू नका.

झायनहून ब्राइसला जायचा सरळ रस्ता १९३० मध्ये पूर्ण झालेल्या १.१ मैल लांबीच्या बोगद्यातून जातो. बोगद्याचा माथा कमानी असल्यामुळे उंच गाडीला मधोमध चालावं लागतं. पूर्वी १५ डॉलर भरले की समोरची वाहतूक थांबवून मोठ्या गाड्या सोडायचे. २०२६ च्या उन्हाळ्यापासून ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाड्यांना हा रस्ताच बंद. भाड्याच्या बहुतेक मोठ्या आरव्ही या मापाबाहेर जातात. त्यांना हायवे ५९ आणि ३८९ वरून फ्रेडोनिया-कॅनाबमार्गे फेरा घालावा लागतो. आरव्ही ठरवताना एसीचा डबा धरून उंची विचारा. जाहिरातीत फक्त लांबी लिहिलेली असते.

ब्राइस आणि हायवे १२

ब्राइसचा काठ ८,००० ते ९,००० फुटांवर आहे, स्प्रिंगडेल ४,००० च्या जरा खाली. दर हजार फुटांना तापमान ३ ते ५ अंश फॅरनहाइटने उतरतं. झायनमध्ये टी-शर्टवर फिरलेली माणसं त्याच संध्याकाळी ब्राइसला कुडकुडतात. एप्रिलमध्येही बर्फ असतो. खाली उतरणाऱ्या वाटा सावलीत गोठलेल्या असतात, तेव्हा बुटांना लावायचे छोटे खिळे जवळ ठेवा. तिथले हूडू, म्हणजे ते उभे दगडी खांब, याच थंडीने घडवले आहेत: दिवसा फटीत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि दगड फोडतं. म्हणून हिवाळ्यात आणि वसंतात दरडीही याच वाटांवर पडतात, आणि वॉल स्ट्रीट नावाच्या अरुंद वाटेची बाजू थंडीत बंद ठेवतात.

ब्राइसहून कॅपिटॉल रीफजवळच्या टॉरी गावाला जाणारा हायवे १२ हा पूर्ण फेरीतला सर्वोत्तम रस्ता, आणि त्याला कुठलंही तिकीट नाही. एस्कलांटे आणि बोल्डर या गावांच्या मध्ये हॉगबॅक नावाचा अरुंद कणा लागतो. दोन्ही बाजूंना दरी, कठडा नाही. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता ९,६०० फुटांपर्यंत चढतो. नकाशा दोन-अडीच तास दाखवेल, पाच धरा. अंधारात जाऊ नका. हरणं आणि मोकळी सोडलेली गुरं रस्त्यावर येतात, आणि तुम्ही ज्यासाठी आलात ते दिसतही नाही.

मोआब

आर्चेसमध्ये २०२२ ते २०२५ या काळात हंगामात प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवावी लागत होती, आणि पास असूनही त्या नोंदणीचे २ डॉलर वेगळे होते. ही पद्धत दरवर्षी बदलते, तेव्हा जायच्या वर्षाचा नियम बघा. नोंदणी नसलेल्या काळात वाहनतळ भरले की नाका काही तासांसाठी बंद करतात. उपाय एकच, सकाळी सातच्या आत आत शिरा, नाहीतर दुपारी चारनंतर. डेलिकेट आर्च या दगडी कमानीची वाट जाऊन-येऊन ३ मैलांची, चढ ४८० फूट. कागदावर किरकोळ वाटते. पण ती उघड्या दगडावरून जाते, सावलीचा कण नाही, आणि वाटेत पाणी नाही. पिण्याचं पाणी माहिती केंद्रात आणि पार टोकाला डेव्हिल्स गार्डनमध्ये.

कॅनियनलँड्सबद्दल सर्वात मोठी चूक नकाशा बघताना होते. आयलंड इन द स्काय आणि नीडल्स हे भाग शेजारी दिसतात, पण मध्ये नद्यांनी खोदलेल्या दऱ्या आहेत आणि जोडरस्ता नाही. एकातून दुसऱ्यात जायला मोआबमार्गे सुमारे दोन तास. एकाच दिवशी दोन्ही करू नका. एकच दिवस असेल तर आयलंड इन द स्काय, कारण मुख्य कडे डांबरी रस्त्यावरच आहेत.

गाडी

वर सांगितलेल्या सगळ्या मुख्य जागा साध्या कारने होतात, मॉन्युमेंट व्हॅलीची फेरी सोडून. मोठी एसयूव्ही घेतली म्हणून व्हाइट रिम किंवा कॉटनवुड कॅनियन रोड या कच्च्या रस्त्यांवर जाता येतं असं नाही. ऑल-व्हील ड्राइव्ह वेगळं, आणि लो-रेंज गियर असलेला खरा फोर-व्हील ड्राइव्ह वेगळा. कॅनियनलँड्सच्या कठीण रस्त्यांवर दुसराच लागतो. इथल्या अनेक कच्च्या रस्त्यांची माती बेंटोनाइट जातीची आहे. कोरडी असताना टणक, पण एक सर आली की चाकाला लगदा चिकटतो आणि फोर-व्हीलही जागेवर फिरत राहते. तिथून गाडी ओढून आणायचा खर्च हजार डॉलरच्या वर सहज जातो.

भाड्याची गाडी घेताना डिकीचा गालिचा उचलून बघा. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, फक्त पंप आणि फेसाची बाटली असते. तळव्यातलं छोटं छिद्र फेस बुजवतो. टायरची बाजू दगडाने चिरली तर त्याचा काही उपयोग नाही. डेथ व्हॅलीच्या रेसट्रॅक या कोरड्या तळ्याकडे जाणाऱ्या २७ मैलांच्या खडबडीत रस्त्यावर टायर असेच जातात. स्टेपनी असलेली गाडी मागून घ्या, जॅक आणि पाना आहे ना तेही बघा.

सकाळी टायरच्या हवेचा दिवा लागला तर घाबरू नका. दर १० अंश फॅरनहाइटमागे हवा साधारण १ पीएसआयने बदलते. दुपारी ९५ अंशांत तपासलेला टायर पहाटे ५५ अंशांत ४ पीएसआय कमी दाखवतो. आधीच जरा कमी असेल तर दिवा लागतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब थंड टायरचा असतो, तो गाडी हलवण्याआधी भरा. दुपारी तापलेल्या टायरमधून जास्तीची हवा सोडू नका. कमी हवेचा टायर गरम डांबरावर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो.

लांब चढावर इंजिनाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर पूर्ण. त्रासदायक आहे, पण हीटर इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून पकड सोडतो, म्हणून खालचा गियर टाका. ऑटोमॅटिकलाही एल किंवा मॅन्युअल मोड असतो, तो याचसाठी.

पेट्रोलचा नियम: टाकी निम्मी झाली की पहिला पंप. आय-७० वर सॅलायना ते ग्रीन रिव्हर १०० मैलांहून जास्त अंतर पंप नाही. हॅंक्सव्हिल ते ब्लँडिंग या हायवे ९५ वर तर भरवशाचा पंपही नाही आणि रेंजही नाही. युटात ‘रेग्युलर’ म्हणून अनेकदा ८५ ऑक्टेन विकतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ८७ लिहिलं असेल तर मधलं बटण दाबा.

नकाशे आधीच फोनवर उतरवा, आणि राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अॅपमध्ये प्रत्येक उद्यान ऑफलाइन साठवून ठेवा. जीपीएसने सुचवलेला ‘जवळचा रस्ता’ कच्चा असू शकतो. हायवे क्रमांक नसलेल्या वळणावर वळू नका.

ऊन आणि पूर

माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, म्हणजे ३.८ लिटर, आणि गाडीत त्याशिवाय एका दिवसाचा साठा. नुसतं पाणी पीत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळलेपणा ही लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात. खारवलेले शेंगदाणे, चिप्स, क्षारांची पावडर सोबत हवीच.

ग्रँड कॅनियनमध्ये चढ शेवटी येतो. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वर यायला धरा. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायचा विचार करू नका. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार वाटेवर असू नका. वाटेतल्या नळांवर विसंबू नका, १९६० च्या दशकातली पाइपलाइन वारंवार फुटते आणि नळ कोरडे पडतात. काठावरच्या हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्या बंद, शटल मोफत. पेजकडून येणाऱ्यांनी कॅमेरॉनवरून डेझर्ट व्ह्यूच्या पूर्व नाक्यातून आत यावं. दक्षिण नाक्यावर तासभर रांग असताना इथे काही गाड्याच असतात, आणि पासचा खरा आनंद इथेच मिळतो. उत्तर काठाचा बेत असेल तर लक्षात घ्या की तिथला लॉज जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात जळून गेला. शिवाय दक्षिण काठापासून तो नकाशावर दहा मैल दिसतो, रस्त्याने मात्र सुमारे २१५.

जुलै ते सप्टेंबर हा इथला पावसाळा. दुपारी ढग जमतात, एखाद्या पठारावर अर्धा तास कोसळतात, आणि ते पाणी दगडावर न मुरता घळीत धावतं. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये ११ जण वाहून गेले. पाऊस काही मैल वर पडला होता, घळीवर जवळजवळ नाहीच. म्हणून डोक्यावरचं आकाश निरभ्र आहे हे पुरेसं नसतं. सकाळी माहिती केंद्रात अचानक पुराचा त्या दिवसाचा अंदाज लावलेला असतो, तो वाचल्याशिवाय कुठल्याही अरुंद घळीत उतरू नका. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या की लगेच उंच जागा गाठा. सामान सोडून द्या.

एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य, आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हे आमच्या मते उत्तम दिवस. डेथ व्हॅली या उन्हाळी रिंगणात जोडू नका. १० जुलै १९१३ ला तिथे १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस नोंदवलं गेलं होतं. ती नोव्हेंबर ते मार्चमध्ये वेगळी करा. बारा महिन्यांचा पास तोपर्यंत चालू असतोच. फक्त प्लास्टिकचं कार्ड पाकिटात जपून ठेवा, कारण हरवलं तर नवं विकत घ्यावं लागतं.